टॉम विल्किन्सन: चेहरा ओळखीचा, नाव काय बरं?

'बॅटमॅन बिगिन्स'मधला तो डॉन आठवतोय का, हॉटेलात जेवत बसलेला, आजूबाजूच्या टेबलांवर जज आणि पोलीस बसलेत आणि हा सगळ्यांदेखत ब्रूस वेनवर पिस्तूल रोखून सांगतो की मी तुला इथे उडवलं तरी कोणी हूं की चूं करणार नाही? तो कार्माइन फाल्कोनी. आता 'रश अवर' आठवा, जॅकी चॅन आणि क्रिस टकरवाला, त्यातला साळसूद दिसणारा आणि नंतर उघडा पडणारा गोरा व्हिलन. मग 'शेक्सपिअर इन लव्ह'मधला, नाटक कंपनीच्या मालकाचे पाय निखाऱ्यांवर धरणारा सावकार. आणि 'एटर्नल सनशाइन'मधला, लोकांच्या डोक्यातून प्रेमाच्या आठवणी पुसून देणारा शांत डॉक्टर. हे चारही रोल एकाच माणसाने केलेत आणि मी पैजेवर सांगते, या सगळ्या फिल्म्स बघितलेल्या निम्म्या लोकांना त्याचं नाव सांगता येणार नाही. टॉम विल्किन्सन.

३० डिसेंबर २०२३ ला तो गेला, ७५ वर्षांचा होता. तेव्हा सगळीकडे 'व्हर्सटाइल अ‍ॅक्टर' असा शिक्का मारून लोक मोकळे झाले. खोटं नाहीये ते. यादी काढली तर पाद्री, गुंड, न्यायाधीश, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष असं काहीही सापडतं. पण गेल्या काही महिन्यांत मी त्याच्या बऱ्याच फिल्म्स परत बघितल्या, काही पहिल्यांदाच, आणि माझं मत जरा वेगळं झालंय. हा नटूनथटून बदलणारा नट नव्हताच मुळी. रोलसाठी वजन वाढवलं, घटवलं असल्या बातम्या नाहीत, चेहरा कायम तोच, रुंद, किंचित सुजल्यासारखा, बँकेत कर्जाच्या टेबलामागे बसलेल्या साहेबासारखा. मला वाटतं तो आयुष्यभर एकाच जातीच्या माणसाकडे परत परत वळला. ज्याला चारचौघांत मान आहे, ज्याच्या शब्दाला वजन आहे, आणि ज्याच्या पायाखालची जमीन केव्हाच सरकलीये पण अजून कोणाला पत्ता नाही, कधीकधी तर त्याचा त्यालाही नाही. आणि एवढं करून त्यातली दोन माणसं एकमेकांसारखी कधी झाली नाहीत, कमाल ही आहे.

'द फुल मॉन्टी'पासून सुरुवात करते कारण जगाला तो तिथेच सापडला. साल १९९७, वय ४९. (वय लक्षात ठेवा, पुढे लागेल.) शेफिल्ड, इंग्लंडमधलं पोलादाचं शहर. सुरुवातीला शहराचं कौतुक करणारी सत्तरच्या दशकातली जुनी प्रचारफिल्म दाखवतात, भट्ट्या धडधडतायत, दुकानं भरलीयेत, सगळं कसं छान चाललंय, आणि मग एकदम पंचवीस वर्षांनंतरचा तोच कारखाना, ओसाड पडलेला, आणि त्यातनं लोखंडी तुळई ढापायला आलेले दोन बेकार आणि त्यातल्या एकाचा पोरगा. पुढे सहा बेकार पुरुष मिळून ठरवतात की बायकांसमोर कपडे उतरवायचा शो करायचा, तोसुद्धा पूर्ण, शेवटच्या कपड्यापर्यंत. गोष्ट ऐकली तर चावट विनोदी वाटते आणि आहेही, पण मी ती बघताना हसता हसता मध्येच गप्प झाले ते विल्किन्सनच्या जेराल्डमुळे.

जेराल्ड बाकीच्यांसारखा कामगार नाही, फोरमन होता. नोकरी सगळ्यांसारखीच गेली पण तो स्वतःला त्यांच्यात धरत नाही, बेकारांच्या त्या जॉब क्लबमध्येही सूटटाय घालून वेगळा बसतो. आणि घरी बायकोला त्याने सहा महिने सांगितलेलंच नाही. सहा महिने! ती बिचारी क्रेडिट कार्ड घेऊन खरेदी करत फिरतीये, हा रोज कामावर गेल्याचं सोंग करतोय आणि वर दोघं जोडीने बॉलरूम डान्सच्या क्लासला जातायत. तिथेच रॉबर्ट कार्लाइलचा गॅझ, म्हणजे त्या बेकारांचा म्होरक्या, त्याला हेरतो कारण त्यांना नाच शिकवणारा कोणीतरी हवा असतो.

मग तो इंटरव्ह्यूचा सीन. जेराल्डला एका ठिकाणाहून बोलावणं आलेलं असतं, मस्त चाललेलं असतं, आणि गॅझ आणि त्याचा मित्र डेव्ह खिडकीबाहेरून त्याच्याच बागेतल्या त्या रंगीत बुटक्यांच्या मूर्ती नाचवायला लागतात. याचं लक्ष उडतं, बोलणं अडखळतं, नोकरी जाते. आपण खो खो हसतोय. पुढच्या सीनला तो जॉब क्लबमध्ये येऊन गॅझच्या अंगावर धावून जातो आणि मग मारामारीतला जोर संपल्यावर जे बोलतो ना, की ही नोकरी मला मिळू शकली असती, तेव्हा आपण मघाशी कशाला हसलो याची लाज वाटते. आवाज फुटत नाही, रडारड नाही, नुसता दम गेलेला माणूस. दिग्दर्शक पीटर कॅटानेओ त्याच्यावर कॅमेरा उगाच रेंगाळवतही नाही.

मला हे बघताना गिरणगाव आठवलं, न आठवून कसं चालेल. १९८२ च्या संपानंतर रोज डबा घेऊन घराबाहेर पडणारे आणि दिवसभर कुठेतरी बसून संध्याकाळी परत येणारे लोक होते अशा गोष्टी आपण ऐकलेल्याच आहेत. पण ते तेवढंच, शेफिल्डची गोष्ट शेफिल्डचीच आहे, तिला उगाच लालबागच्या चाळीत आणून बसवायला नको.

बेकारभत्त्याच्या रांगेत उभे असताना रेडिओवर डोना समरचं गाणं लागतं आणि सगळे नकळत स्टेप्स करायला लागतात तो सीन तर जगप्रसिद्ध आहे. परत बघाल तेव्हा फक्त जेराल्डकडे बघा. बाकीचे नाचतात, हा नाच विसरता येत नाही म्हणून हलतो, चेहरा मात्र फोरमनचाच. अंदाजे ३५ लाख डॉलरमध्ये बनलेल्या या फिल्मने जगभरात २५ कोटी डॉलरच्या वर कमावले, बाफ्टात, म्हणजे ब्रिटिशांच्या ऑस्करमध्ये, समोर 'टायटॅनिक' असताना बेस्ट फिल्मचं बक्षीस पटकावलं आणि विल्किन्सनला सहाय्यक अभिनेत्याचा बाफ्टा मिळाला.

आता ते ४९ वयाचं. त्याआधी हा काय करत होता? तर काम. नुसतं काम. जन्म लीड्सचा, ५ फेब्रुवारी १९४८. बाप शेतकरी. पोरगा चार वर्षांचा असताना घरचे सगळे कॅनडाला गेले, किटिमॅट नावाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या गावी, तिथे काही वर्षं काढून परत इंग्लंड, मग कॉर्नवॉलमध्ये पब चालवणं, मग वडील गेले आणि पुन्हा यॉर्कशायर. तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी याच्यात काहीतरी बघितलं आणि मनावर घेतलं म्हणून गाडी रुळावर आली, नाहीतर तशा घरातला मुलगा कँटरबरीला युनिव्हर्सिटी ऑफ केंटमध्ये इंग्रजी साहित्य शिकायला जाणं तेव्हा काही आपोआप होणारी गोष्ट नव्हती. पुढे रॅडा, म्हणजे लंडनची ती मोठी नाट्यशाळा, तिथून १९७३ ला बाहेर. पहिली फिल्म कोणाची असावी? आंद्रे वायदाची! पोलंडचा तो थोर दिग्दर्शक, त्याने १९७६ साली कॉनरॅडच्या कादंबरीवर फिल्म केली होती त्यात हा होता. आणि तरीही त्यानंतर वीस वर्षं इंग्लंडबाहेर कोणाला माहीत नाही. रंगभूमी, टीव्ही, परत रंगभूमी.

टीव्हीवर १९८६ साली 'फर्स्ट अमंग इक्वल्स' आली, जेफ्री आर्चरच्या कादंबरीवरची. आर्चर म्हणजे पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर ज्याच्या पुस्तकांची थप्पी कायम असायची तोच. पंतप्रधान व्हायच्या शर्यतीतल्या पुढाऱ्यांची गोष्ट, त्यात हा रेमंड गूल्ड, लेबर पार्टीचा, आणि मतदारसंघ कुठला तर लीड्स, म्हणजे स्वतःचंच गाव. त्याच मालिकेत डायना हार्डकॅसल होती, १९८८ ला दोघांचं लग्न झालं. खूप वर्षांनी 'द केनेडीज' मालिकेत हीच जोडी जो आणि रोझ केनेडी म्हणून दिसली, म्हणजे जॉन एफ. केनेडीचे आईबाप. त्यातला त्याचा जो केनेडी बघण्यासारखा आहे, पोरांना पुढे ढकलत ढकलत खड्ड्यापर्यंत नेणारा बाप. बाकी मालिका ठीकठाक.

नव्वदच्या दशकात तो ब्रिटिश फिल्म्समध्ये कडेकडेने दिसायला लागतो. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'त पहिल्याच सीनमध्ये मरणाच्या दारात पडलेला मिस्टर डॅशवुड, सावत्र आईकडे आणि बहिणींकडे लक्ष दे एवढंच मुलाकडून कबूल करून घेतो आणि मरतो. मिनिट-दोन मिनिटांचं काम. पण तो हात घट्ट धरून विनवणारा बाप लक्षात राहतो म्हणूनच पुढच्या सीनमध्ये सूनबाई 'एवढे कशाला द्यायचे' करत करत पैसे कमी कमी करून जवळजवळ शून्यावर आणते तेव्हा आपल्याला तिचा राग येतो. मेलेल्या माणसाने पुढची फिल्म उचलून धरलीये.

'शेक्सपिअर इन लव्ह'मधल्या सावकाराबद्दल थोडं जास्त लिहायलाच हवं कारण तो माझा लाडका आहे. फेनीमन. सुरुवातीला निव्वळ वसुली करणारा माणूस, तू कोण असं कोणीतरी विचारतं तर सांगतो की मी म्हणजे पैसा. आणि मग तालमी बघता बघता त्याला नाटक चढतं. खरोखर दारूसारखं चढतं. शेवटी त्याला औषधवाल्याचा एवढासा रोल मिळतो तर हा गडी कोपऱ्यात उभा राहून ओळी घोकतोय, टोपीची काळजी करतोय, घाम फुटलाय. ज्यांनी कधी गणेशोत्सवातल्या नाटकात शिपायाचं काम केलंय त्यांना हा सीन थेट पोटात लागेल. नेहमीच्या उलटं आहे बघा इथे, बाकीच्या रोलमध्ये माणूस खाली कोसळतो आणि इथे पैशाचा माज उतरून खालून एक हौशी पोरगा निघतो.

२००१ ला 'इन द बेडरूम'. (पुढे सगळी गोष्ट सांगतेय, बघायची असेल तर हा भाग सोडा.) अमेरिकेत मेन राज्यात समुद्रकाठचं गाव, हा तिथला डॉक्टर, मॅट फाउलर. सिसी स्पेसेक बायको. एकुलता एक मुलगा कॉलेजच्या सुट्टीत घरी आलाय, वयाने मोठ्या, दोन पोरं असलेल्या बाईच्या प्रेमात पडलाय, तिचा नवरा डोक्याने तापट, आणि एक दिवस तो नवरा मुलाला गोळी घालतो. टॉड फील्डची ही पहिली मोठी फिल्म आणि खून साधारण पहिल्या तिसऱ्या भागात उरकून टाकलाय, खरी फिल्म त्यानंतरची. खुनी जामिनावर सुटतो आणि गावातच हिंडतो, दुकानात समोर येतो. आणि नवरा-बायको घरात एकमेकांशी बोलतच नाहीत. म्हणजे जेवायला वाढतात, टीव्ही बघतात, पण बोलत नाहीत. किती वेळ चालतं हे, तुम्हाला वाटायला लागतं की कोणीतरी ओरडा रे एकदाचे.

आणि मग ओरडतात. ती म्हणते तू पोराला मोकळं सोडलंस कारण तुलाच त्या बाईचं आकर्षण होतं, तो म्हणतो तू त्याला कधी श्वास घेऊ दिला नाहीस म्हणून तो तिच्याकडे गेला. एवढं भयंकर बोलून होतंय तोवर दार वाजतं आणि बाहेर एक शाळकरी मुलगी, शाळेसाठी चॉकलेट विकायला आलेली. तो दार उघडतो आणि त्या चिमुरडीशी नीट, डॉक्टरकाकांसारखा बोलतो, पैसे देतो. मी हा सीन थांबवून परत बघितला कारण दोन सेकंदांत त्याने चेहऱ्यावर आब चढवला कसा ते मला बघायचं होतं. कळलं नाही, तो चढवताना दिसतच नाही.

आणि शेवटी हा सज्जन, गावाचा लाडका डॉक्टर त्या खुन्याला मित्राच्या मदतीने मारून येतो. हिंदी फिल्म असती तर शिट्ट्या. इथे तो पहाटे घरी येतो, पलंगावर पडतो आणि आपल्याला स्पष्ट दिसतं की याने काही मिळालेलं नाही. या रोलसाठी त्याला ऑस्करचं बेस्ट अ‍ॅक्टर नॉमिनेशन मिळालं, बक्षीस डेन्झेल वॉशिंग्टनला 'ट्रेनिंग डे'साठी गेलं, न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी मात्र याला निवडलं होतं. लीड्सचा माणूस मेनचा डॉक्टर म्हणून कुठे खटकत नाही, पण मला त्याच्या अमेरिकन बोलण्याचं तेवढं कौतुक नाही जेवढं त्याच्या गप्प बसण्याचं आहे.

याच्या बरोब्बर उलट 'मायकल क्लेटन', २००७. तिथे गप्प बसणं नाहीच. फिल्म सुरू होते ती त्याच्या आवाजाने, रात्रीचं रिकामं ऑफिस दिसतंय आणि हा आर्थर ईडन्स, मोठ्या लॉ फर्मचा मोठा वकील, सुसाट बोलतोय. तणनाशक बनवणाऱ्या एका कंपनीची केस तो सहा वर्षं लढवतोय, त्या तणनाशकाने माणसं मेलीयेत आणि हा कंपनीच्या बाजूने आहे. त्याला बायपोलर आजार आहे, गोळ्या बंद केल्यात, आणि साक्षी घेताना भर मीटिंगमध्ये त्याने कपडे काढलेत. (हो, परत कपडे. फुल मॉन्टीतला शो हसवतो, हा नाही.) फर्म म्हणते वेडा झालाय, आणि आहेच तो आजारी. पण तो जे बोलतोय ते खरंसुद्धा आहे, आणि टोनी गिलरॉयच्या त्या स्क्रिप्टमधली अवघड गोष्ट हीच की दोन्ही एकाच वेळी खरं ठेवायचं. साधा नट असता तर एकतर वेडा केला असता नाहीतर संत.

गल्लीत जॉर्ज क्लूनी त्याला गाठतो तो सीन पाठ झालाय मला. आर्थरच्या हातात ताज्या लांब ब्रेडची भली मोठी पिशवी, कशाला एवढे ब्रेड ते कोणी विचारत नाही, चेहरा लहान मुलासारखा खुललेला. क्लूनी त्याला प्रेमाने दम द्यायला लागतो आणि तेवढ्यात या वेड्याच्या आतला वकील जागा होतो. आवाज खाली येतो, वाक्यं सरळ होतात, आणि तो क्लूनीला शांतपणे सांगतो की तुझ्याबद्दल माया आहे पण कायद्याचं मला सांगू नकोस. ब्रेडची पिशवी तशीच हातात. क्लूनी मोठा स्टार, फिल्म त्याची, पण त्या गल्लीत तो अक्षरशः ज्युनिअर दिसतो. सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर नॉमिनेशन मिळालं, त्या वर्षी हाविएर बार्देम समोर होता त्यामुळे प्रश्नच नव्हता.

बरं, एक मजा सांगते, याद्या चाळताना सापडली. 'द पेट्रियट' या २००० सालच्या फिल्ममध्ये हा लॉर्ड कॉर्नवॉलिस आहे, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला ब्रिटिश जनरल. (हाच कॉर्नवॉलिस पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला, कायमधारा पद्धत वगैरे, शाळेत घोकलेलं आठवत असेल.) आणि २००८ च्या 'जॉन अ‍ॅडम्स' मालिकेत हाच बेंजामिन फ्रँकलिन, म्हणजे त्याच युद्धात पलीकडच्या बाजूचा! दोन्हीकडून लढून झालं. फ्रँकलिनसाठी एमी मिळालं, गोल्डन ग्लोबही मिळाला. पॉल जियामाटीचा अ‍ॅडम्स सतत धुसफुसत असतो आणि हा म्हातारा फ्रान्सच्या उमरावांत मजेत रमलेला, कमी बोलून जास्त साधणारा. अजून एक जोडी: १९९७ च्या 'वाइल्ड'मध्ये तो क्वीन्सबेरीचा मार्क्विस होता, ज्याच्यामुळे ऑस्कर वाइल्डचा सत्यानाश झाला तो, आणि २०१८ च्या 'द हॅपी प्रिन्स'मध्ये त्याच वाइल्डच्या मृत्युशय्येशी आलेला पाद्री. वीस वर्षांनी येऊन हिशोब पूर्ण केला म्हणायचा.

अमेरिकन सत्तेची माणसं तर त्याने एवढी केली की अमेरिकन नटांनी तक्रार करायला हवी होती. 'रीकाउंट'मध्ये जेम्स बेकर, २००० सालच्या फ्लोरिडातल्या मतमोजणीच्या राड्यात बुशच्या बाजूने उतरलेला. 'सेल्मा'त, म्हणजे काळ्यांच्या मतदानाच्या हक्काच्या लढ्यावरच्या फिल्ममध्ये, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन. 'सेल्मा'त मार्टिन लूथर किंग, त्याची बायको, अलाबामाचा गव्हर्नर वॉलेस आणि जॉन्सन, चारही ब्रिटिश नट! जॉन्सनला उगाच अडवणूक करणारा दाखवला म्हणून अमेरिकेत वाद झाला, त्यात तथ्य असेलही, पण विल्किन्सनचा जॉन्सन मला खोटा वाटत नाही, राजकारणातला बेरकी माणूस आहे तो, वाईट नाही.

टीव्हीवरचं एक काम फारसं कोणी बघत नाही ते म्हणजे २००३ ची 'नॉर्मल', एचबीओची. अमेरिकेच्या मध्यभागातला कारखान्यात काम करणारा मध्यमवयीन माणूस, लग्नाला २५ वर्षं झालीयेत, चर्चला जातो, आणि एक दिवस बायकोला सांगतो की मी आतून बाई आहे, मला बाई व्हायचंय. जेसिका लँग बायको. २००३ साली यावर टिंगल करणं किती सोपं होतं विचार करा, आणि याचं ते रुंद आडमाप शरीर, कानातलं घालून बघतोय, हसू यायला पाहिजे ना? येत नाही. काही बाबतींत फिल्म आज जुनी वाटते, मान्य, पण त्याने त्या माणसाचा एक क्षणही विनोद होऊ दिलेला नाही.

आता भारत. 'द बेस्ट एक्झॉटिक मॅरिगोल्ड हॉटेल', जॉन मॅडनची, जयपूर आणि उदयपूर भागात शूट झालेली. खरं सांगायचं तर मला ही फिल्म अर्धीमुर्धीच आवडते, रंगीबेरंगी भारत, ट्रॅफिकचे जोक, देव पटेलची धावपळ. पण त्यात विल्किन्सनचा जो धागा आहे तो वेगळ्याच फिल्ममधून आल्यासारखा आहे. ग्रॅहॅम डॅशवुड, हायकोर्टाचा निवृत्त न्यायाधीश. (आडनाव परत डॅशवुड, योगायोग.) तरुणपणी भारतात राहिलेला, तेव्हा नोकराचा मुलगा मनोज याच्यावर प्रेम होतं, ते उघडकीला आलं, मनोजच्या घरच्यांची बेअब्रू झाली आणि हा इंग्लंडला निघून गेला, मोठा जज्ज झाला. आयुष्यभर दुसऱ्यांचा न्याय केला आणि स्वतःची ही एक केस उघडलीच नाही. आता म्हातारपणी त्याला शोधायला आलाय. सरकारी कचेऱ्यांत चकरा मारतोय, मध्येच गल्लीतल्या पोरांबरोबर क्रिकेट खेळतोय.

आणि मनोज सापडतो. राजेंद्र गुप्तांनी केलाय. आणि मनोजची बायको कोण तर आपल्या नीना कुळकर्णी! सत्यदेव दुबे आणि विजया मेहतांकडे तयार झालेली नटी, या फिल्ममध्ये फार काम नाही तिला, पण तिचं तिथे नुसतं असणं महत्त्वाचं आहे कारण मनोजने बायकोपासून काही लपवलेलं नव्हतं. ज्याचं आयुष्य आपण उद्ध्वस्त केलं असं ग्रॅहॅम धरून चालला होता तो माणूस घरात सुखाने, खरं बोलून जगला आणि लपवत बसला तो हा, लंडनचा न्यायाधीश. दोघं भेटतात, मिठी मारतात, बस. विल्किन्सनच्या खांद्यांवरून ओझं उतरल्याचं दिसतं, खांद्यांवरूनच दिसतं, तोंडातून काही यायच्या आधी. त्यानंतर ग्रॅहॅम लवकरच मरतो, आपल्या पद्धतीने त्याला अग्नी देतात, आणि माझ्यापुरती फिल्म तिथे संपते, पुढचं मी इस्त्रीचे कपडे घडी करत बघते.

सगळंच सोनं नव्हतं हेही सांगायला पाहिजे. 'द लोन रेंजर', 'द ग्रीन हॉर्नेट' असल्या फिल्म्समध्येही तो आहे आणि तिथे तोही त्या फिल्म्सना वाचवू शकला नाही. ब्रिटिश नटांमध्ये ही एक सवय असते, काम आलं की करायचं, स्टारसारखं प्रतिमा सांभाळत बसायचं नाही. त्यामुळे कधी कचराही पदरी पडतो. पण याच सवयीमुळे तो 'द घोस्ट रायटर'मध्ये जेमतेम एका सीनसाठी येतो, सभ्य प्रोफेसर, चहापाण्याच्या सुरात बोलतोय, आणि तेवढ्यात सगळी हवा गार करून जातो.

शेवटच्या कामांपैकी 'डिनायल' चुकवू नका, २०१६ ची. ज्यूंचं हत्याकांड झालंच नाही म्हणणारा डेव्हिड अर्व्हिंग एका अमेरिकन इतिहासकार बाईंवर लंडनच्या कोर्टात बदनामीचा दावा ठोकतो, त्या खऱ्या खटल्यावरची फिल्म. हा त्या बाईंचा वकील, रिचर्ड रॅम्प्टन. सगळे ऑशविट्झला, नाझींच्या त्या छळछावणीची जागा बघायला जातात तर हा उशिरा येतो, रुक्षपणे अंतरं आणि वेळा विचारतो, बाईंना वाटतं काय निर्दयी माणूस आहे, जरा मान तरी राखा या जागेचा. नंतर कळतं तो आधीच येऊन सगळा परिसर पायी मोजत हिंडत होता कारण कोर्टात भावना चालणार नाहीत, आकडे लागतील. आणि कोर्टात तो अर्व्हिंगकडे, म्हणजे टिमथी स्पॉलकडे, मान वर करून बघतच नाही, तेवढाही मान द्यायचा नाही म्हणून. गंमत बघा, पायाखालची जमीन सरकलेल्या एवढ्या माणसांनंतर हा एक माणूस असा की ज्याची जमीन पक्की आहे आणि ती त्याने स्वतः पावलं टाकून मोजलीये.

२०२३ च्या जूनमध्ये 'फुल मॉन्टी'ची आठ भागांची सिरीज आली, तीच सगळी मंडळी, पंचवीस वर्षांनी म्हातारी झालेली. जेराल्ड त्यात आहे पण फारच थोडा, बहुतेक वेळ कॅफेत बसलेला. मला राग आला होता तेव्हा, एवढा नट घरात असून त्याला कोपऱ्यात बसवलाय म्हणून. सहा महिन्यांनी तो गेल्याची बातमी आली.

कुठून सुरुवात करायची असं कोणी विचारलं तर मी 'मायकल क्लेटन' सांगेन, घरच्यांसोबत बघायचं असेल तर 'शेक्सपिअर इन लव्ह'. 'इन द बेडरूम' रात्री एकटीने बघू नका. आणि १९९४ ची बीबीसीची 'मार्टिन चझलविट' आहे, डिकन्सची, त्यात हा पेक्सनिफ आहे, डिकन्सचा सगळ्यात तुपकट ढोंगी माणूस, ती मला अजून धड प्रिंटमध्ये मिळालेली नाही, यूट्यूबवर जे तुकडे आहेत त्यात आवाज पुढे आणि ओठ मागे चालतात. कोणाकडे डीव्हीडी असेल तर कळवा, परत करीन, शप्पथ.